ह्याला काही लागत नाही

मागं एकदा पाळायच्या माशांच्या दुकानात माझ्या माशांचं खाणं आणायला गेले होते. माझ्या पुढं एक जोडपं उभं होतं, नुकतंच लग्न झालेलं असावं, तिच्या हातावरची मेंदी अजून पुरती गेली नव्हती. त्यांनी छोटा टँक घेतलेला आणि आता आत झाडं कुठली लावायची ते विचारत होते. घर तळमजल्यावर, चारी बाजूंनी बिल्डिंगा, उजेड असा येतच नाही, दिवसासुद्धा ट्यूब लावायला लागते असं ती सांगत होती. दुकानातल्या पोरानं टबात हात घालून अ‍ॅनुबियसचा एक तुकडा वर काढला, पाणी निथळू दिलं आणि म्हणाला, "हे न्या वहिनी. ह्याला काही लागत नाही. उजेड नको, खत नको, कुठंही टाका, मरत नाही." तिनं तो हातात घेऊन बघितला, जाड गडद हिरवी पानं, खाली लोंबणाऱ्या पांढरट मुळ्या, आणि ती खूश झाली. पोरगा फसवत नव्हता, त्यानं दुकानात रोज जे बघितलं तेच सांगितलं. मी डबी घेतली, पैसे दिले, निघाले, राजवाड्यापर्यंत आले तरी ते वाक्य डोक्यातून जाईना. ह्याला काही लागत नाही. हे मी आधी ऐकलंय, पुष्कळ वेळा ऐकलंय, आणि ते कुठल्या झाडाबद्दल नव्हतं.

आमच्या घरात हे आत्याबद्दल म्हणायचे.

आमचं घर साताऱ्याच्या जुन्या पेठेत, अजिंक्यताऱ्याच्या अंगाला. दोन्ही बाजूंना शेजारच्यांच्या भिंती चिकटलेल्या, त्यामुळं उजेड यायचा तो पुढून नाहीतर मागून. पुढं सोपा, त्याला रस्त्याकडच्या दोन खिडक्या. मागं स्वयंपाकघर आणि परसात उघडणारं दार. आणि मधे माजघर, त्याला खिडकीच नाही, वर कौलात एक काच बसवलेली तेवढीच. त्या काचेतून उन्हाचा एक चौकोन फरशीवर पडतो आणि दुपारभर सरकत सरकत धान्याच्या पिंपापाशी जाऊन विझतो. थंडीत तोही फिका. माजघराला एक वास आहे, ओल, हिंग, जुन्या लाकडी कपाटातल्या डांबरगोळ्या आणि देवापुढच्या तेलवातीचा, आणि पावसाळ्यात तो इतका दाट होतो की बाहेरून आलेल्या माणसाला पहिल्या पावलालाच कळतो. आत्या या माजघरात राहिली. लग्नानंतर थोड्याच वर्षांत ती माहेरी परत आली, का आली ते आमच्यासमोर कुणी बोललं नाही, आणि तिची कॉट माजघरात भिंतीला लागली ती लागलीच. पाहुणे आले की पुढचा सोपा पाहुण्यांना, वडिलांना पेपर वाचायला सोपा, आम्ही अभ्यासाला सोप्यात. सणाला साड्या आणल्या की आई विचारायची, आत्याला कुठली, आणि कुणीतरी म्हणायचं, तिला काय, तिला काही लागत नाही, कुठलीही चालते. आत्या हसायची. कौतुकानंच म्हणायचे सगळे, वाईट हेतूनं कधीच नाही. त्यामुळंच त्यात काही खटकण्यासारखं आहे असं कुणाला वाटायचं कारण नव्हतं.

टँक मी माजघरातच ठेवला. पुढं सोप्यात ठेवला असता तर खिडकीतलं ऊन थेट काचेवर, पाणी उन्हाळ्यात तापणार आणि पंधरा दिवसांत काच हिरवी होणार. माजघराची भिंत दगडी, पाणी बाराही महिने थंड राहतं, आणि खरं सांगायचं तर आत्याला सोबत होईल हाही विचार होताच. मग प्रश्न आला झाडांचा. लाल पानांची, गालिच्यासारखी पसरणारी, फोटोत सुंदर दिसणारी जी झाडं असतात त्यांना भरपूर उजेड आणि वर सिलिंडरमधून कार्बन डायऑक्साइड द्यायला लागतो, ते तिथं शोभणारच नव्हतं. आणि मला ते करायचंही नव्हतं. जागा जशी आहे तशी घेऊन तिथं कोण सुखानं राहील ते बघणं मला जास्त बरं वाटतं, जागेला दामटून बदलण्यापेक्षा.

तर अ‍ॅनुबियस आलं. हे पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतलं, तिथल्या दाट जंगलातल्या ओढ्यांच्या काठानं दगडांना, पडलेल्या ओंडक्यांना धरून वाढणारं. शॉट नावाच्या वनस्पतीशास्त्रज्ञानं १८५७ साली या कुळाला नाव दिलं ते इजिप्तच्या अनुबिस देवावरून, मृतांच्या जगाचा देव, कारण झाड सावलीत राहतं म्हणून. मला हे वाचल्यावर जरा वाईट वाटलं होतं, सावलीत राहतं म्हणून थेट मेलेल्यांच्या देवाचं नाव द्यायचं. वास्तविक ते आपल्या अळूच्या, सुरणाच्या घरातलं झाड. पान नीट बघितलं की ओळख पटते, मधली जाड शीर, कडेला वळणाऱ्या बारीक शिरा, वरून मेणचट. अळूनं घशाला खाज सुटते ती ज्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या स्फटिकांनी, ते यातही असतात, म्हणून पानं कुरतडणारे मासेसुद्धा याच्या वाटेला फारसे जात नाहीत. फूलही अळूवर्गातलंच, मधे दांडा आणि त्याला लपेटणारं एक पांढरं पान, आणि ते पाण्याच्या आतही उमलतं. पहिल्यांदा उमललं तेव्हा आत्यानंच आधी बघितलं. "अगं, ह्याला बोंड आलंय बघ," म्हणून हाक मारली होती तिनं स्वयंपाकघरात.

दुसरं जावा फर्न. हे नेच्याच्या जातीचं, आग्नेय आशियातलं. आणि तिसरं क्रिप्टोकोरिन, दुकानात ज्याला नुसतं क्रिप्ट म्हणतात, यातलं जे सगळीकडं मिळतं ते वेंडटी श्रीलंकेचं, पण याच कुळातल्या काही जाती आपल्या सह्याद्रीतल्या ओढ्यांतही उगवतात आणि तेही परत अळूच्याच नात्यातलं. या तिघांना लावायची रीत सारखी नाही. अ‍ॅनुबियस आणि जावा फर्नला एक आडवं जाड खोड असतं, रायझोम, त्यातून वर पानं फुटतात आणि खाली मुळं. ते खोड वाळूत पुरायचं नाही, पुरलं की सडतं, आणि बऱ्याच घरी ही झाडं मरतात ती अंधारानं नाही तर प्रेमानं नीट खोचून लावल्यामुळं. दगडाला नाहीतर ड्रिफ्टवुडला दोऱ्यानं बांधायचं, किंवा फेविक्विकचा एक थेंब, पाण्यात गेलं की ते लगेच घट्ट होतं आणि माशांना त्रास होत नाही. काही महिन्यांत मुळं स्वतःच लाकूड पकडतात, मग दोरा कापला तरी हलत नाही. क्रिप्टचं उलटं, त्याला मुळं खाली रोवायला हवीत, वाळूत मुळांजवळ खताची गोळी दिली तर फार खूश असतं, आणि एकदा लावल्यावर हलवलेलं त्याला आवडत नाही. हलवलं, पाणी वेगळ्या जातीचं झालं, कधी नुसता दिवा बदलला तरी ते सगळी पानं टाकून देतं. पानं काचेसारखी पारदर्शक होतात, मग शिजवलेल्या पालकासारखी हातात येतात. लोक घाबरून उपटून फेकतात. फेकू नका. मुळं जिवंत असतात, मेलेली पानं काढून टाकायची आणि थांबायचं, त्याच जागेवरून नवीन पानं येतात आणि ती त्या पाण्याला, त्या उजेडाला साजेशी असतात.

पाण्याचं म्हणाल तर आमच्याकडं नळाला कासच्या तलावाचं पाणी येतं, जांभ्या दगडाच्या सड्यावरून, म्हणजे उघड्या पठारावरून आलेलं पावसाचं पाणी, त्यामुळं मऊ, आणि या तिघांनाही ते मानवतं. बोअरचं पाणी वापरणाऱ्यांच्या काचेवर पांढरी रेघ धरते तशी इथं धरत नाही. नळाचं पाणी आदल्या दिवशी बादलीत काढून ठेवायचं, क्लोरीन उडून जातो, आणि आठवड्याला टँकमधलं थोडं पाणी बदलायचं. एवढंच.

आता उजेडाचं. शाळेत हायड्रिलाचा प्रयोग सगळ्यांनीच बघितलेला असतो, चंचुपात्रात हायड्रिला, त्यावर उलटं नरसाळं, वर परीक्षानळी, आणि उन्हात ठेवलं की बुडबुडे. आमच्या वर्गात कुणीतरी माहुलीच्या संगमावरून डबाभर आणलेलं, त्याला चिखलाचा वास येत होता. मॅडमनी पात्र खिडकीत ठेवलं आणि देठाच्या कापलेल्या टोकातून बुडबुड्यांची माळच लागली, आम्ही ओरडून मोजत होतो. मग त्यांनी तेच पात्र उचलून आत टेबलावर आणलं. माळ तुटली, मधे मधे एखादा सुटायला लागला, मग तेही थांबलं. मॅडम म्हणाल्या, बघा, थांबलं. मला त्या वयात प्रश्न पडला होता, बुडबुडे थांबले पण झाड तर हिरवंच दिसतंय, मग त्याला काय होतंय? विचारायचं धाडस झालं नाही, पुढच्या तासाची घंटाही झाली.

उत्तर पुष्कळ वर्षांनी या टँकपायी शोधलं. हिरवं झाड उजेडात अन्न बनवतं आणि दिवसरात्र श्वासोच्छ्वासात तेच अन्न खर्च करत असतं. ज्या उजेडाला जमा आणि खर्च बरोबर जुळतात, तिथं झाड वाढतही नाही आणि झिजतही नाही. त्याच्या खाली गेलं की ते साठवलेलं खायला लागतं. हायड्रिला या बाबतीत विलक्षण आहे, भर उन्हाच्या एक टक्का उजेडातही ते वाढू शकतं. सावलीतल्या झाडांचा खर्चच कमी असतो, सावकाश वाढायचं, पान एकदा केलं की ते वर्षभर, त्याहूनही जास्त टिकवायचं, त्यामुळं त्यांचं थोड्या उजेडात भागतं. भागतं, म्हणजे लागत नाही असं नाही. आणि इथंच दुकानातल्या पोराचं चुकतं. जे झाड भराभर वाढतं ते उजेड कमी पडला की आठवड्याभरात सांगतं, खालची पानं गळतात, शेंडा उजेडाकडं लांबत जातो, कुणालाही कळतं. अ‍ॅनुबियस सांगत नाही. खोडात साठा असतो, पानं कातडी, ते उपाशी असतानाही कित्येक महिने तसंच्या तसं दिसतं. बघणाऱ्याला वाटतं ह्याला काही लागत नाही. मग एक दिवस खोड मऊ पडतं, आणि लोक म्हणतात, अचानक मेलं.

अचानक काही नसतं.

बघायचं असेल तर बारकाईनं बघावं लागतं. नवीन आलेलं पान शेजारच्या जुन्या पानाच्या बरोबरीचं आहे का लहान, ही पहिली खूण. सलग दोन-तीन पानं लहान होत गेली तर झाड मागं चाललंय. जुनी पानं पिवळी पडतायत तर नायट्रोजन कमी, जावा फर्नच्या पानाला टाचणीनं टोचल्यागत भोकं पडली तर बहुतेक पोटॅशियम, नवीन कोवळं पान फिकट आलं तर लोह. फर्नच्या जुन्या पानाखाली काळे ठिपके दिसले तर मात्र घाबरू नका, तिथूनच त्याची पिल्लं फुटतात, बारीक मुळांसकट, आणि मोठी झाली की सुटून तरंगायला लागतात. मासे मोजके आणि झाडं सावकाश असली तर माशांच्या विष्ठेतून बरंचसं खत मिळतं, वरून लिक्विड फर्टिलायझर आठवड्याला, बाटलीवर लिहिलंय त्याच्या निम्मं पुरतं. आणि उजेड कमी पडतोय म्हणून एकदम मोठा फोकस आणून लावायचा नाही. उजेड वाढला की झाड जास्त कार्बन डायऑक्साइड मागतं, तो पाण्यात तेवढा नसतो, झाड आहे तिथंच राहतं आणि उरलेल्या उजेडावर शेवाळ माजतं. अ‍ॅनुबियसच्या पानावर हिरवे टणक ठिपके धरतात ते नखानं खरवडूनसुद्धा निघत नाहीत, कारण पान इतकं सावकाश वाढणारं की शेवाळाला त्याच्यावर संसार मांडायला भरपूर सवड मिळते. साधा पांढरा एलईडी, टायमरवर, रोज त्याच वेळी सहा-सात तास. आमच्याकडं तो दुपारी चारला लागतो. आत्या त्याला दिवाच म्हणते. "दिवा लागला बघ," असं ती रोज म्हणते, चहाची वेळ झाली याचा अर्थ.

त्या दिवशी दुकानातून घरी आले तेव्हा दिवा लागलेला होता. आत्या कॉटवरून उठून टँकपुढं स्टुलावर बसली होती आणि पेपर काचेजवळ धरून वाचत होती. मी हे रोज बघते. मासे बघत बघत वाचते असंच मी आजवर धरून चालले होते, छान दिसतं ते, पाण्याचा हलता उजेड तिच्या चष्म्यावर पडलेला असतो. आज चपला काढता काढता लक्षात आलं की ती पेपर उजेडाकडं फिरवतेय, तिरका, मग थोडा वर. माझ्या मोबाईलवर उजेड मोजायचं एक अ‍ॅप आहे, टँकसाठी घेतलेलं, फार अचूक नसतं ते पण अंदाज येतो. बाहेर भर उन्हात एक लाखाच्या घरात लक्स असतात. पुढं सोप्यात खिडकीशी हजाराच्या वर दाखवत होतं, दिवस कलला होता तरी. मग मी माजघरात आले आणि आत्याच्या कॉटवर, उशीशेजारी मोबाईल ठेवला. शंभरसुद्धा भरले नाहीत. आणि गंमत म्हणजे मला तिथं अंधार वाटत नव्हता, कारण डोळे जुळवून घेतात, दोन मिनिटांत घेतात, म्हणून तर इतकी वर्षं कुणालाच तो वाटला नाही. ट्यूब लावली तरी ती कोपऱ्यातल्या देवाच्या बाजूला, कॉटवर आपलीच सावली पडते.

"काय मोजतीस?" आत्यानं विचारलं.

मी म्हणाले, "उजेड. आत्या, तुझी कॉट पुढं सोप्यात टाकूया का, खिडकीपाशी?"

मला वाटलं होतं ती म्हणेल, कशाला, मला काय होतंय इथं, माझं काय आता. मी तिची समजूत कशी घालायची तेसुद्धा मनात जुळवत होते. आत्यानं पेपरची घडी घातली आणि म्हणाली, "कधी?"

एवढंच. मला पुढं काही बोलताच आलं नाही. आत्या आणि अ‍ॅनुबियस एकच असं मला म्हणायचं नाही, झाडाला तोंड नसतं आणि आत्याला होतं, ती भांडणारी नसली तरी मुकी कधीच नव्हती, भाजीवाल्याशी अजूनही कोथिंबिरीच्या जुडीवरून घासाघीस करते. पण तिला कुणी विचारलं नव्हतं, आणि इतकी वर्षं काही न मागणं हाच तिचा गुण म्हणून घरात सांगितला गेला होता, मग ती तरी कशी मागणार. रात्री झोपताना माझ्या मनात आजी आली, तिच्या सगळ्या जावा आल्या, या माजघरात ज्यांची बाळंतपणं झाली, दुखणी झाली, ज्यांनी चुलीच्या धुरात नाहीतर या काचेच्या चौकोनात तांदूळ निवडले. त्यांचंही भागलं. फार छान निभावलं त्यांनी असं आपण म्हणतो. मला त्यांचा अभिमान वाटतो आणि त्या अभिमानाचा थोडा रागही येतो, दोन्ही एकदम, आणि यातलं कुठलंही एक पुसून टाकावंसं मला वाटत नाही.

कॉट दुसऱ्याच दिवशी हलली. भावानं आणि त्याच्या पोरानं धरली, पाय दारात अडकले म्हणून आडवी करून काढली, आणि खाली भिंतीच्या कडेनं जो चुन्याचा कोरडा पट्टा दिसला तो बघून आत्या म्हणाली, "झाडू आण आधी." आता ती खिडकीत असते. पहिल्या आठवड्यात तिला झोप नीट लागली नाही, रस्त्यावरच्या गाड्या, पहाटे दूधवाला, कुत्री, सगळं तिला ऐकू येतं आणि त्याची ती तक्रारही करते, पण परत आत नेऊ का म्हटलं तर साफ नाही म्हणते. सकाळी ऊन पायावर येतं तेव्हा पायमोजे काढून बसते. पेपर आता हातभर लांब धरून वाचते. शाळेत जाणारी पोरं तिला ओळखायला लागलीयेत. माजघर मात्र मोकळं मोकळं वाटतं, चारला दिवा लागतो आणि तो लागला हे कुणी सांगत नाही, मला त्याची चुटपुट आहे. आत्याला टँकही पुढं हवा आहे. मी तिला समजावलं की तिथलं ऊन त्या झाडांना सोसायचं नाही, पानावर शेवाळ धरेल, क्रिप्ट हलवलं की पानं टाकेल. ती म्हणाली, "मग उन्हातलं एखादं आण की दुसरं. उन्हात राहणारं पाण्यातलं झाड नसतंय होय?"

असतं. आणि ते आपल्या साताऱ्याच्याच नावाचं आहे. वायतुरा, शास्त्रीय नाव अ‍ॅपोनोजेटॉन सातारेन्सिस, १९८२ साली त्याची वेगळी जात म्हणून नोंद झाली. कासच्या सड्यावर पावसाळ्यात जी उथळ डबकी साठतात त्यात ते येतं, उघड्या आभाळाखाली, आणि पाणी आटलं की जमिनीत कंद होऊन पुढच्या पावसापर्यंत पडून राहतं. याच कुळातल्या दुसऱ्या जातींचे कंद ऍक्वेरियमच्या दुकानात मिळतात. वायतुरा मात्र तिथून आणायचा नाही, तो मोजक्या जागी उरलाय, त्याला बघायला आपण जायचं. आत्याला मी मोबाईलवर फोटो दाखवला, दोन फाट्यांचा तुरा, पांढरट जांभळा. तिनं फोटो मोठा करून बघितला. आयुष्यभर कासचं पाणी प्यायलेली ही बाई, घरापासून पंचवीसेक किलोमीटरवरचं कास तिनं एकदाही बघितलेलं नाही, हे मला तिनं तेव्हा सांगितलं, अगदी सहज, विचारलं म्हणून.

वायतुरा पावसाच्या सुरुवातीलाच फुलतो, फुलांची मोठी गर्दी आणि बुकिंगबिकिंग सुरू व्हायच्या आधी. यवतेश्वरचा घाट चढून गेलं की गाडी सड्यापर्यंत जाते, चालायला फार लागणार नाही, बसायला एक फोल्डिंगची खुर्ची घेऊन ठेवलीये. तिथल्या वाऱ्यात छत्री टिकत नाही, त्यामुळं रेनकोट घ्यायला हवा, आणि तो आणायला आत्याला घेऊनच जायचंय, कारण तिला पिवळाच हवाय.